चार तारा आणि थोडा धीर

अनेक घरांत कपाटावर एखादे वाद्य ठेवलेले असते. कुठे आजोबांची बाजाची पेटी असते, कुठे मुलाने दहावीच्या सुट्टीत हट्टाने घेतलेली गिटार असते. अलीकडच्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी युकुलेलेही येऊन बसू लागले आहे. चार तारांचे, आकारानुसार पावणेदोन ते सव्वादोन फूट लांबीचे हे छोटेखानी वाद्य मोठ्या उत्साहाने घरी आणले जाते. पहिल्या आठवड्यात त्यावर दोन-तीन गाणी वाजतात, घरची मंडळी कौतुक करतात आणि तिसऱ्या महिन्यात ते कपाटावर जाते. कारण विचारले तर ‘वेळच मिळत नाही’ असे उत्तर येते. ते उत्तर खोटे नसते, परंतु पुरतेही नसते. खोलीचे दार लावून बरे वाजणारे गाणे दारात कुणी येऊन उभे राहताच विस्कटते, बोटे अडखळतात आणि ‘हे आपल्या हातचे नाही’ अशी खूणगाठ मनाशी बांधली जाते. वेळ न मिळण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

हौशी वादकाचा नेहमीचा बेत असा असतो की, आधी एकांतात पुरेशी तयारी करावी, हात बसला की आत्मविश्वास येईल आणि मग चारचौघांत वाजवावे. हा क्रम वरकरणी शहाणपणाचा दिसतो. प्रत्यक्षात तोच फसवा आहे. तंत्र आणि आत्मविश्वास यांचा अभ्यास वेगवेगळा आहे. पहिला एकांतात होतो, दुसरा माणसांतच होतो, आणि दोन्ही अभ्यास एकाच आठवड्यापासून सुरू व्हावे लागतात. युकुलेलेचा इतिहास आणि त्याची रचना, दोन्ही याच मताला दुजोरा देतात.

कष्टकऱ्यांबरोबर आलेले वाद्य

दिनांक २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात दाखल झाले. पोर्तुगालच्या अखत्यारीतील मदेरा बेटावरून आलेले चारशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले त्यात होती. उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी ही कुटुंबे आपला मुलूख सोडून आली होती. त्यांच्यात मान्युएल नुनेश, आउगुश्तु दियश आणि जोझे दु इश्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेरात ‘माशेत’ नावाचे लहानसे चार तारांचे वाद्य प्रचारात होते. त्या घराण्याच्या वाद्यांवरून या कारागिरांनी हवाईत जे नवे वाद्य घडवले, तेच युकुलेले. जहाज लागल्यानंतर अवघ्या काही दिवसांत होनोलुलूच्या वृत्तपत्राने या नवागतांच्या रात्रीच्या रस्त्यावरील गाण्या-वाजवण्याची दखल घेतली होती.

हवाईचा राजा कालाकाउआ संगीताचा चाहता होता. त्याने या वाद्याला राजदरबारी आणि समारंभांत स्थान दिले आणि परक्या मुलखातून आलेले वाद्य बघता बघता त्या बेटांचे होऊन गेले. ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी मारणे; तारांवर नाचणाऱ्या बोटांवरून हे नाव पडले, असा त्याचा प्रचलित अर्थ सांगितला जातो. पुढे १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील हवाई दालनामुळे अमेरिकेत या वाद्याची लाट आली. आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटसंगीतातून परिचित झालेली हवाईयन गिटार त्याच बेटांवरची. मात्र ती आडवी ठेवून, तारांवर पोलादी पट्टी सरकवत वाजवायची असते. ती वेगळी आणि युकुलेले वेगळे.

या इतिहासात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे वाद्य मैफलीच्या मंचासाठी जन्मलेले नाही. दिवसभराच्या कष्टांनंतर एकत्र बसून गाण्यासाठी ते वापरात आले. हवाईत अशा घरगुती बैठकीला ‘कनिकापिला’ म्हणतात. अंगणात किंवा समुद्रकाठी मंडळी जमतात, ज्याला जे येते ते तो वाजवतो, ज्याला काही येत नाही तो गातो. नवख्याची परीक्षा तिथे कुणी घेत नाही. आपल्याकडील भजनी मंडळात पहिल्याच दिवशी नवख्याच्या हाती टाळ दिला जातो आणि मागच्या रांगेत बसून तो ठेका शिकतो, तशीच ही रीत आहे. अशा सोबतीत वाढलेले वाद्य बंद खोलीत एकट्याने शिकू पाहिले की त्याचा अर्धा गुरू बाहेरच राहतो.

सोपेपणाची दुसरी बाजू

युकुलेले सोपे आहे असे सर्रास म्हटले जाते. सुरुवातीपुरते ते खरे आहे. त्याच्या चार तारा प्रचलित पद्धतीने जी, सी, ई आणि ए या स्वरांत मिळवतात. पांढरी एकचा षड्ज धरला तर हेच स्वर अनुक्रमे प, सा, ग आणि ध होतात. वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याच्या बाजूची पहिली तार सर्वांत खर्जातली असेल अशी गिटारच्या सवयीने अपेक्षा असते. इथे मात्र ती उंच पंचमात मिळवलेली असते आणि षड्जाची तार तिच्या खाली येते. युकुलेलेचा तो खेळकर, खळखळता नाद बऱ्याच अंशी या उलट्या मांडणीतून येतो.

आता धैवताची तार तिसऱ्या पडद्यावर एका बोटाने दाबली की तिच्यातून तार षड्ज निघतो आणि चारही तारा मिळून प, सा, ग, सां असा मेळ वाजतो. हीच सी मेजर कॉर्ड. एका बोटात पूर्ण स्वरमेळ देणारे वाद्य नवशिक्याला जादूचे वाटले तर नवल नाही. त्यात ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या आणखी तीन कॉर्ड जोडल्या की असंख्य सोप्या गाण्यांची साथ करता येते. तारा नायलॉनच्या किंवा तत्सम मऊ असल्याने बोटेही गिटारइतकी सोलत नाहीत.

अडचण येते ती दुसऱ्या महिन्यात. एकेक कॉर्ड वाजते, पण एकीवरून दुसरीवर जाताना ठेका तुटतो. ई मेजरसारखी कॉर्ड समोर येते आणि तीन बोटे चौथ्या पडद्याच्या चिंचोळ्या जागेत मावत नाहीत. बी फ्लॅटसाठी एकच तर्जनी एकाहून अधिक तारांवर आडवी टेकवावी लागते आणि नादाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. पहिल्या आठवड्याच्या सहजतेची सवय झालेल्या माणसाला हा आपल्या हाताचा दोष वाटू लागतो. वास्तविक पहिल्या आठवड्याची सहजता त्याच्या हाताची नव्हतीच. ती वाद्याच्या रचनेने दिलेली होती. हाताचे शिक्षण आता कुठे सुरू झालेले असते. नेमक्या याच टप्प्यावर वाद्य कपाटावर जाते, म्हणून हा टप्पा आधीच ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

हाताचे शिक्षण

सुरुवात धरण्यापासून होते. उजव्या हाताच्या कोपराखालील भागाने वाद्याचा पेटा छातीशी अलगद टेकवावा आणि दांडी किंचित वर उचललेली असावी. डाव्या हाताला दांडीचे ओझे वाहावे लागले की तो हात बोटे हलवायला मोकळा राहत नाही. वाद्य घसरत असेल तर पट्टा लावण्यात कमीपणा मानू नये. कित्येकांची कॉर्ड बदलण्याची अडचण मुळात वाद्य सांभाळण्याची अडचण असते.

डाव्या हाताची बोटे टोकांवर उभी असावीत, नखे कापलेली असावीत आणि बोट पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या अगदी अलीकडे टेकावे. तिथे थोड्या दाबात स्वच्छ स्वर निघतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबल्यास अधिक जोर लागतो, आणि जोर फार झाला तर तार ताणली जाऊन स्वर चढा लागतो. सुरेलपणाला जपणाऱ्या मराठी कानाला हा दोष लवकर कळतो. मात्र त्याचे कारण वाद्यात शोधले जाते, बोटात नाही. प्रत्येक कॉर्ड धरल्यावर चारही तारा एकेक करून छेडून पाहाव्यात. जी तार मुकी राहील तिथले बोट दुरुस्त करावे.

कॉर्ड बदलताना सर्व बोटे उचलून पुन्हा ठेवण्याची सवय सर्वांत अधिक नुकसान करते. वर सांगितलेल्या चार कॉर्डच पाहाव्यात. ए मायनरमध्ये मधले बोट पंचमाच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर असते. तिथून एफवर जाताना ते जागचे हलवायचे नसते. फक्त तर्जनी गंधाराच्या तारेच्या पहिल्या पडद्यावर ठेवायची असते. एफवरून जी सेव्हनवर जाताना तर्जनी तिथेच राहते, मधले बोट षड्जाच्या तारेवर सरकते आणि अनामिका धैवताच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर येते. कोणते बोट हलवायचे नाही, हे आधी पाहिले की बदल निम्मा सोपा होतो.

उजव्या हाताचे सूत्र एकच आहे: हात थांबू द्यायचा नाही. दांडी जिथे पेट्याला मिळते त्या भागाजवळ, मनगट सैल ठेवून, तर्जनी खाली जाताना नखाने आणि वर येताना बोटाच्या मांसल बाजूने तारांवरून फिरते. घड्याळाच्या लंबकासारखे तिचे खाली-वर चालू राहते. एखादी मात्रा गाळायची असेल तर हात हवेतून जातो, पण थबकत नाही. डाव्या हाताला कॉर्ड गाठायला उशीर झाला तरी उजव्याने वाट पाहू नये. एक मुकी किंवा चुकलेली मात्रा ऐकणाऱ्याला क्वचितच खटकते. थांबलेला ठेका मात्र प्रत्येकाला ऐकू येतो.

नव्या तारा काही दिवस ताणल्या जातात आणि वारंवार उतरतात. म्हणून प्रत्येक वेळी वाजवण्याआधी वाद्य मिळवून घ्यावे. खुंट्यांपाशी चिमट्याने लावायचा ट्यूनर स्वस्तात मिळतो. अनेक नवशिके आपल्या बेसूरपणाचे खापर स्वतःवर फोडतात, तेव्हा उतरलेली असते ती केवळ तार.

वीस मिनिटांचा हप्ता

नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्याला रोजचे दोन तास मागणे व्यर्थ आहे. रविवारी सलग तीन तास बसणारा आणि मग आठवडाभर वाद्याला हात न लावणारा माणूस दर रविवारी जवळपास त्याच जागेवरून सुरुवात करतो. रोजची वीस मिनिटे त्याहून अधिक फळ देतात. आवर्ती ठेवीचे मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. हप्ता लहान चालतो, तो चुकवणे चालत नाही.

या वीस मिनिटांची वाटणी ठरलेली असावी. पहिली दोन-तीन मिनिटे वाद्य मिळवण्यात आणि बोटे सैल करण्यात जावीत. पुढची पाच मिनिटे दोनच कॉर्डच्या अदलाबदलीला द्यावीत. एका मिनिटात किती स्वच्छ बदल झाले ते मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढची सात-आठ मिनिटे हाती घेतलेल्या गाण्यातील अडणाऱ्या जागेला द्यावीत. संपूर्ण गाणे पुनःपुन्हा वाजवल्याने सोपा भाग अधिक सोपा होतो आणि अवघड भाग तसाच राहतो. उरलेल्या वेळात आधी येत असलेले एखादे गाणे केवळ आनंदासाठी वाजवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद्य हाती घेण्याची इच्छा टिकते.

लयीच्या बाबतीत संयम सर्वांत कठीण जातो. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून चूक न होता तुकडा तीन वेळा वाजला, तरच चार-पाच ठोके वाढवावेत. घाईने वाजवलेली चूकही हात पाठच करतो आणि ती विसरायला शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. आपल्या संगीतपरंपरेत विलंबित लयीतील रियाजाला मान आहे, तो उगाच नाही. आठवड्यातून एकदा मोबाईलवर आपले वाजवणे ध्वनिमुद्रित करावे. पहिल्यांदा ते ऐकवत नाही. पण दोन महिन्यांपूर्वीचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकले की प्रगतीचा जो पुरावा मिळतो, तो कुणाच्या कौतुकाने मिळत नाही.

माणसांत येण्याचा अभ्यास

इथवरचा अभ्यास एकांताचा झाला. तो कितीही झाला तरी चार माणसांसमोर हात थरथरणार नाही याची हमी देत नाही. खोलीत वाजवताना चूक झाली की थांबता येते, मागे जाता येते. माणसांसमोर तसे करता येत नाही, आणि नेमकी हीच सवय खोलीत कधी लागलेली नसते. चुकीनंतर पुढे जात राहणे ही स्वतंत्र विद्या आहे व तिचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो.

तो लहान पायऱ्यांनी करता येतो. सुरुवातीला घरातील एका माणसासमोर, काहीही झाले तरी न थांबण्याचा निश्चय करून, एक गाणे पूर्ण वाजवावे. पुढे दोन मित्रांसमोर, मग एखाद्या कौटुंबिक समारंभात वाजवावे. अशा वेळी आपल्याला येणाऱ्यांतील सर्वांत अवघड गाणे निवडण्याचा मोह होतो; तो टाळावा. तणावात हात नेहमीपेक्षा थोडे कमी करतात, म्हणून महिनाभर आधी पक्के झालेले गाणेच घ्यावे. घाबरलेल्या माणसाची लय आपोआप चढते, तेव्हा सुरुवात वाटते त्याहून किंचित संथ करावी. गाण्याची पट्टी आपल्या गळ्याला मानवेल अशी निवडावी. पुष्कळदा वादकाचा धीर बोटांमुळे नव्हे, तर वरच्या स्वरावर गळा फाटल्यामुळे सुटतो.

याहून उत्तम मार्ग समूहाचा. कॅनडातील हॅलिफॅक्स शहराच्या शाळांत जे. चाल्मर्स डोन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युकुलेलेच्या साहाय्याने संगीतशिक्षणाचा मोठा उपक्रम उभा केला. वर्गातील मुले एकत्र गात, एकत्र वाजवत आणि त्यातूनच स्वरलिपी शिकत. ब्रिटनमध्ये १९८५ साली स्थापन झालेल्या ‘युकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन’ने १८ ऑगस्ट २००९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात कार्यक्रम केला, तेव्हा शेकडो श्रोते आपापली युकुलेले घेऊन आले होते. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीताची धून वादकांबरोबर त्यांनीही वाजवली. त्यांत कित्येकांचे स्वर चुकले असतील. परंतु त्या प्रसिद्ध सभागृहात आपण वाजवले, ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणाच्याही मनातून पुसली जाणार नाही.

मराठी माणसाला हे नवे नाही. ‘हौशी’ हा शब्द त्याला रंगभूमीने शिकवला. दिवसभर कचेरीत वा बँकेत काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी मंडळी आत्मविश्वास येण्याची वाट पाहत बसली नाहीत. प्रयोगाची तारीख आधी ठरली, तालमी एकत्र झाल्या आणि धीर पुष्कळदा तिसरी घंटा झाल्यानंतरच आला. युकुलेले शिकणाऱ्यानेही एखादी तारीख ठरवून घ्यावी. निवासी संकुलातील कोजागरी असो, कार्यालयातील स्नेहसंमेलन असो वा शेजारच्या दोन-तीन शिकणाऱ्यांची महिन्यातून एकदा होणारी बैठक असो. तारीख असली की एकांतातल्या वीस मिनिटांनाही दिशा मिळते.

छंदाला शिस्त कशाला?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. दिवसभर उद्दिष्टे आणि मुदती यांच्या मागे धावणाऱ्या माणसाने छंदातही वही, मोजमाप आणि तारीख का आणावी? विरंगुळा हा विरंगुळाच असू द्यावा. या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला आठवड्यातून एकदा दोन कॉर्ड छेडण्यातच समाधान आहे, त्याने खुशाल तेवढेच करावे. त्याचे वाद्य कपाटावर गेलेले नाही. प्रश्न आहे तो ज्याला अधिक यावेसे वाटते आणि येत नाही म्हणून जो खंतावतो, त्याचा. त्याच्यासाठी शिस्त हे ओझे ठरत नाही, उलट ‘आपल्यात उपजत गुण नाही’ या निराधार समजुतीतून ती त्याला सोडवते.

दुसरी अडचण तुलनेची. होनोलुलूच्या जेक शिमाबुकुरो या वादकाची न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये चित्रित झालेली ध्वनिचित्रफीत २००६ साली इंटरनेटवरून जगभर पोहोचली. चार तारांतून काय निघू शकते हे पाहून असंख्य लोकांनी युकुलेले विकत घेतले आणि तेच पाहून अनेकांनी ते खालीही ठेवले. या कलावंताला आईने वयाच्या चौथ्या वर्षी पहिले धडे दिले होते, हे मात्र फारसे कुणी लक्षात घेत नाही. चाळिशीत किंवा निवृत्तीनंतर वाद्य हाती घेणाऱ्याने त्याच्याकडून आनंद घ्यावा, मोजपट्टी घेऊ नये. मोजपट्टी एकच योग्य आहे आणि ती म्हणजे आपल्याच वहीतील मागच्या महिन्याचे पान.

मदेराहून आलेल्या त्या कुटुंबांना घर, भाषा, हवामान, सारेच नवे होते. परक्या गावात रात्री रस्त्यावर उभे राहून गाताना त्यांचे वादन निर्दोष होते की नाही, याची नोंद कुणी ठेवलेली नाही; ते वाजवत होते आणि लोक ऐकत होते, एवढीच नोंद आहे. कपाटावरच्या वाद्यावरील धूळ पुसायला, तारा मिळवायला आणि घरातील एखाद्या माणसाला समोर बसवायला आजची संध्याकाळ पुरेशी आहे. गाणे संथ असावे, सोपे असावे आणि मध्ये चूक झाली तरी शेवटापर्यंत जावे.